अनवाणी पाणकर

माझ्या कॉमिक्सचा नायक पाणकर आहे, म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटून देणारा माणूस. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात बाबांनी जन्मभर हेच काम केलं, म्हणून मी त्यांनाच उचलून चौकटीत ठेवलं. धोतर, खांद्यावर फावडं, पाय अनवाणी. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कुठे झिरपते आहे ते बाबांना तळपायाने कळायचं, त्यामुळे तलावावर जाताना ते चपला घरी ठेवत.

मी फक्त लिहितो, मुलांच्या एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याला एक पान. पानाला सहा चौकटी, प्रत्येकीत काय दिसेल ते, आणि फुग्यात मावेल एवढंच बोलणं. चित्रं पुण्यात काढली जातात. चित्रकाराने पहिल्याच पानात पाणकराला गुडघ्यापर्यंत गमबूट चढवले. नायक रुबाबदार दिसायला हवा म्हणे. पान छापून आलं तेव्हा बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बूट घालून पायाले ओल कशी समजन बे?"

मी संपादकांशी हुज्जत घालून बूट उतरवले. तेव्हापासून दर पानाची पहिली ओळ ठरलेली: पाणकर अनवाणी. एकदा लिहायची विसरलो, तर बूट हजर.

पुढे बाबांना पक्षाघात झाला आणि मी त्यांना गोंदियाला माझ्याकडे आणलं. खाटेवरून ते दर आठवड्याला विचारत, "या हप्त्यात मी का करून राहिलो?" मी पान समोर धरायचो. कधी ते मगरीशी झुंजत असायचे, कधी पाणी अडवायला फुटल्या पाळीत आडवे झालेले. आधी आधी खूश व्हायचे. एक दिवस पान बाजूला सारून म्हणाले, "किती पळवशीन मले? एकदा पाळीवर बसू दे ना."

त्याच दिवशी पान लिहिलं: सहाही चौकटींत पाणकर पाळीवर बसलेला, पाय पाण्यात, फुगा एकही नाही. संपादकांनी ते परत पाठवलं.

"सर, यात घडतं काय? मुलं पान उलटतील. मगर आणा."

मी चिडून फोन केला, म्हटलं पाणकर संपवा, मी सोडतो.

"तुम्ही सोडा ना," ते शांतपणे म्हणाले. "पाणकर करारानुसार आमचा आहे. दुसरे लेखक तयार आहेत. त्यांना बूट चालतात."

त्या करारावर मी न वाचता सही केली होती. बाप लिहून दिला आणि वर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मगरीचं पान पाठवलं. बाबांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

या हिवाळ्यात ते गेले. आज पान द्यायचं आहे, संपादकांना पूर हवा आहे. मी सोडलं तर बाबा बूट घालून पळतील, लिहीत राहिलो तर अनवाणी पळतील. बसू त्यांना कोणीच देत नाही, मीसुद्धा.

पहिली ओळ लिहिली: पाणकर अनवाणी.

दुसरी: पळतोय.