डुकराच्या पिल्लाला खोबरेल

बायको जनावरांची डॉक्टर असली की घरात काहीही येऊ शकतं. तरीही बोरिवलीकडच्या एका डुकरं पाळणाऱ्याकडून तिनं टॉवेलात गुंडाळून पिल्लू आणलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. सगळ्या पोटावर खपल्या, खूर सुजून बुटांएवढे.

"जन्मापासूनच आहे," ती म्हणाली. "कातडीचं एवढं मनावर घेऊ नकोस. श्वास बघत जा."

हे मी ऐकलं. नवरे ऐकतात तसं.

नाहूरला आमचं घर तळमजल्यावर. मागच्या अंगणात पाहुण्याची सोय झाली. सोसायटीत मी "बुलडॉग आहे" म्हणून सांगितलं. वॉचमनसुद्धा हसला.

मी घरूनच काम करतो, त्यामुळे डॉक्टरकीची संधी मलाच. खोबरेलाची रुंद तोंडाची बरणी काढली आणि रोज बोटं बुडवून त्याचं पोट चोळायला लागलो. पिल्लू कुशीवर पडायचं, पाय ताणायचं, डोळे मिटायचं. हळूहळू खपल्या सुटल्या, खालून गुलाबी कातडी दिसली. मी बायकोला फोटो पाठवायचो, "केस क्लोज!" ती विचारायची, "श्वास?" मी अंगठा पाठवायचो.

मग ते दूध पिता पिता थांबायला लागलं. बरगड्या भात्यासारख्या वरखाली. बायकोनं औषधं सुरू केली. घाटकोपरहून आलेल्या सासूबाईंनी मात्र बरणी पाहिली, मला पाहिलं आणि निकाल दिला, "जावईबापू, भायरसून दाबलात मा? आता ता दुखणा आत गेला. आमच्याकडे गोवर असोच आत जायचो."

मी हसलो. पण ते डोक्यात बसलं. काही दिवसांत पिल्लू गेलं, आणि माझी बोटं धुतली तरी तेलकटच वाटत राहिली.

शेवटी भांडी घासताना, तिच्याकडे पाठ करून विचारलं, "माझ्या तेलानं आत गेलं का गं?"

ती चेष्टा करेल वाटलं होतं. ती मला अंधेरीला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लाच्या फुप्फुसाचा पातळ काप असलेली काच ठेवली. हवेच्या जागा भरून गेल्या होत्या. मध्ये मध्ये राक्षसी पेशी, एकेकीच्या पोटात केंद्रकांचा घोस.

"अनेक पेशी मिळून अशी एक होते," ती म्हणाली. "मग हवा जायला वाट राहत नाही, वर जंतू येतात ते वेगळेच. बाहेरून आत काहीच गेलं नाही रे. त्याचे आईबाप दोघेही धडधाकट दिसतात, पण दोघांनी एकेक बिघडलेलं जनुक दिलं. कातडी, खूर, छाती, सगळं त्यातूनच. कातडी आधी दिसते, छाती मागाहून. ती जोडी आता परत लावायची नाही, असं मी मालकाला सांगितलंय."

"मग माझं तेल?"

"खपल्या मऊ झाल्या. खाज कमी झाली असेल." काच सरळ करत म्हणाली, "माझ्यासमोर ते एकदाही कुशीवर पडलं नाही."

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ. नीट काही दिसत नव्हतं.

परवा सासूबाई पुन्हा आल्या होत्या. मागच्या अंगणात उन्हात बसून, त्याच बरणीत बोटं बुडवून डोक्याला तेल चोळत होत्या. मी दारात उभा राहून पाहत राहिलो. म्हटलं, बघू तरी आत काय जातंय.