मोकळा हार

पुष्पांजलीनं मारलेली गाठ सुटत नसे. कापावीच लागे. देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळाबाहेर तिच्या वडिलांचं हारफुलांचं दुकान होतं आणि पाटी-पेन्सिलीच्या आधी तिच्या हातात सुई आली होती. उंद्रीच्या पंजाबरावांनी थोरल्या गजेंद्रसाठी तिला मागणी घातली, तेव्हा सासू केसरबाई म्हणाल्या होत्या, "झेंडूचं वावर आपलं, हार करणारी आता घरातलीच. बरं झालं."

त्यानंतर त्या तिच्याबद्दल बरं असं काही बोलल्या नाहीत. पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. पोर पोटातच गेलं. "आता पेढे वापस मांगू का लोकाईले?" हे त्या ओसरीवर, चारचौघींत म्हणाल्या. दुसरंही राहिलं नाही. तेव्हा त्यांनी तिची ओटी भरायचं सोडून दिलं.

हे तिसरं. तिनं एकट्या गजेंद्रला सांगितलं आणि तिसरा महिना सरेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही, अशी शपथ घातली.

त्याच दिवसांत धाकट्या दिराचं, हर्षलचं लग्न निघालं. तो पुण्याला नोकरीला. कंपनीच्या कामानं हवाई बेटांवर जाऊन आला, तिथं बरोबरच्या माणसाचं लग्न पाहिलं, आणि आपली हळद तशीच करायची हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याची आणि नवरीची, काजलची, एकाच मांडवात. सुरुवात शंख फुंकून. नवरीच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. येईल त्याच्या गळ्यात हार. एवढं चाललं. पांढऱ्या कपड्यांचं नाव काढलं, तसं केसरबाईंनी त्याला तिथंच गप्प केलं.

हार अर्थातच पुष्पांजलीनं करायचे. ती ओवत बसली आणि हर्षल खाटेवर पाय हलवत सांगत राहिला.

"वैनी, ज्यानं हार घातला त्याच्यासमोर तो काढत नाहीत तिथं. अपमान होते त्याचा."

"आपल्याकडं तर घातला का काढला."

"आन पोटुशी बाईले बंद हार घालत नाहीत. पोराच्या गळ्याले नाळ आवळते म्हणतात. तिले मोकळा. टोकाले गाठच नाही, खांद्यावरून नुसता सोडायचा. आपल्या कोकिळाताईले तसा एक करजो."

कोकिळा त्याची चुलत बहीण. तिला आठवा लागला होता.

पुष्पांजलीची सुई जरा थांबली. मग तिनं मोकळे हार दोन केले. अशा गोष्टींवर तिचा विश्वास होता असं नाही. पण आधीची दोन का गेली, हे बुलढाण्याच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. कारण सापडलं नाही की माणूस दोऱ्यालाही धरतं. गर्दीत कोण कुणाचा हार बघतंय, असं तिला वाटलं.

हळदीला शंख फुंकून झाला आणि हर्षलनं माइक हातात घेऊन मोकळ्या हाराचा अर्थ सगळ्या मांडवाला सांगितला. कोकिळाच्या खांद्यावर हार पडला. बायका खिदळल्या. केसरबाईंनी पुन्हा हारांच्या टोपलीत हात घातला, तर दुसरा मोकळा हार वर आला.

"हा कोणाचा व?"

"चुकून झाला, आत्याबाई."

"चुकून." केसरबाईंनी तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "आमच्या घरात अजून एकच पोटुशी हाये. गाय. घाला तिले."

मांडव हसला. कुणीतरी खरंच उठलं. गोठा मांडवाला लागूनच होता. गाभण गाईच्या मानेवर हार पडला, मोबाइल वर झाले. गाईनं मान वळवून एक टोक तोंडात घेतलं आणि शेवंती चघळू लागली. पुन्हा हसू.

पुष्पांजलीनं गजेंद्रकडं पाहिलं. शपथ तिनंच घातली होती. तो गप्प राहिला असता तरी चाललं असतं. तो हसत होता.

केसरबाईंनी एक बंद हार उचलला आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातला. "घे. तुले हाच शोभते. आन काढू नको, मी घातला हाये."

गाठ नेमकी मानेच्या मणक्यावर बसली. तिचीच गाठ. थोडा वेळ ती पाण्याचा जग घेऊन फिरली. मग गोठ्यामागं गेली. हार फिरवून गाठ पुढं घेतली, नखानं सोडवून पाहिली. सुटली नाही. तिनं दातानं दोरा तोडला. दोन्ही टोकं छातीवर मोकळी सोडली, मांडवात आली आणि हळदीचं ताट उचलून सासूसमोर धरलं.

केसरबाईंनी हळदीत हात बुडवला. आधी हार पाहिला. मग तिचं तोंड. मग पोट.

"कवापासून?"

"महिना झाला."

हळदीनं भरलेला हात तिच्या गालापर्यंत आला. बायका बघत होत्या.

"या खेपेले पेढे नाही वाटत मी, बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या, आणि तोच हात वळवून त्यांनी पाटावर बसलेल्या काजलच्या गालाला लावला.