पांढरं अस्तर

रंगाऱ्याकडून साडी आली आणि मी खूश झाले. मरून रंग सगळीकडे सारखा चढला होता. कुठे डाग नाही, कुठे फिका पट्टा नाही. इस्त्री करून साडी टेबलावर पसरली, तेवढ्यात शीलाताई दुकानात आल्या. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, अशी एसटी बदलत. पाणी प्यायल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मीनाताई, माही पांढरी साडी दिसून नाही राहिली.”

“हे काय, तुमच्या पुढंच तर हाय,” मी म्हटलं. वर आणखी, “कशी झाली सांगा.”

राजापेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय. अलीकडे गोधड्यांच्याही ऑर्डरी घेते. गोधडीला वरचा थर असतो, तो सगळ्यांना दिसतो, त्याचंच कौतुक होतं. मध्ये जुन्या कापडांचे थर. आणि खाली अस्तर. खरं तर अंगाला लागतं ते अस्तरच. साधारणपणे लोक मांजरपाट लावतात, नाहीतर गडद रंगाचं जुनं सुती लुगडं. मी लुंगीचं अस्तर लावलंय, पंचे जोडून लावलंय, एकदा शाळेच्या युनिफॉर्मच्या चेक्सचंही लावलंय. पडद्याचं कापड मात्र लावून पस्तावले, त्यातून सुईच जाईना. सॅटीन अंगावर राहत नाही, घसरतं. सुई सहज गेली पाहिजे आणि कापड अंगाशी टिकलं पाहिजे, एवढंच मी बघते. म्हणजे एवढंच बघत होते.

शीलाताईंची मुलगी प्रज्ञा स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी दोन वर्षं माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली. ती वनरक्षक झाली, सेमाडोहला पोस्टिंग मिळालं. तिची खाकी पँट कमरेत मीच घट्ट करून दिली. मेळघाटातली थंडी हाडात शिरते, म्हणून आईनं तिच्यासाठी गोधडी करायला दिली. वरच्या थराला रंगीत साड्या आणि एक पांढरी सुती साडी वेगळी बांधून. “हे अस्तराले लावजा. अंगाकडून,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, बरं.

त्या गेल्यावर मी विचार करत बसले. जंगलातला कॅम्प, चुलीचा धूर, माती. पांढरं अस्तर आठ दिवसांत मळेल. हे झालं सांगायचं कारण. मनातलं कारण दुसरं होतं. शीलाताईंचे मालक चार वर्षांपूर्वी गेले. मला वाटलं, ही त्यानंतरची साडी. लग्नाच्या पोरीच्या अंगाला असलं कापड कशाला लावायचं? आईच्या लक्षात आलं नसेल, आपण सांभाळून घेऊ. मी स्वतःला फार शहाणी समजले आणि साडी रंगाऱ्याकडे पाठवली.

शीलाताई स्टुलावर बसल्या. रंगवलेल्या साडीच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून बराच वेळ चोळत राहिल्या.

“हे माह्या लग्नातली साडी व्हय,” त्या म्हणाल्या.

मी साडीवरचा हात काढून घेतला.

“आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राह्यते. तुमाले माहीत नाही काय?”

माहीत होतं. शेजारच्या बौद्ध कुटुंबातल्या दोन लग्नांना मी जेवून आले होते, नवऱ्या पांढऱ्या साडीत बघितल्या होत्या, कापडाचा पोतसुद्धा निरखला होता. पण गाठोड्यातली साडी बघताना ते डोक्यात आलंच नाही. डोक्यात आलं ते माझ्या घरातलं.

“मले वाटलं…” मी सुरुवात केली आणि थांबले.

“समजलं मले, तुमाले काय वाटलं ते,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. “फोन होता ना तुमच्यापाशी? काहून नाही इचारलं?”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. बावीस वर्षांत ब्लाउज तंग झाले, बाही उलटी लागली, गिऱ्हाइकांनी चार गोष्टी सुनावल्या. त्या दिवशी कोणी सुनावत नव्हतं आणि मला मान वर करवत नव्हती.

मी रंगाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला. रंग काढता येईल का? “रंगकाट मार देता हूँ ताई,” तो म्हणाला, “मगर कपडा पुराना है. कमजोर पडेगा, और सफेद तो नहीं होगा.”

“राहू द्या,” शीलाताई म्हणाल्या. “फाटून गेली तर काय उरीन?”

आता त्या सगळं गाठोडं उचलून निघून जातील, असं मला वाटलं. गेल्या असत्या तर चूक नव्हतीच. पण त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, “याच्यातलाच ब्लाउज हाय घरी, पेटीत. तो चालीन काय?”

चार दिवसांनी त्या पुन्हा दोन एसट्या बदलून आल्या आणि ब्लाउज माझ्या हातात दिला. माझ्याच हातात. हे मी विसरणार नाही.

आधी रंगाचा बंदोबस्त करायचा होता. नव्यानं रंगवलेलं कापड पाणी लागलं की रंग सोडतं. ते पांढऱ्याशेजारी लावलं तर पहिल्याच धुण्यात पांढरं गुलाबी. साडी मिठाच्या पाण्यात बुडवली, मग धूत राहिले. सातव्या पाण्याला पाणी स्वच्छ निघालं. ओली साडी पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवली. सकाळी फडकं कोरं होतं.

मग ब्लाउज उसवला. काखेत कापड विरलं होतं, तेवढं वगळलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. कुण्या टेलरनं ती भरपूर सोडली होती, आणि बाहेरचं कापड पिवळसर पडलं तरी ती अजून पांढरीशुभ्र होती. पाठ, बाह्या, पुढचे भाग, सगळे तुकडे मोकळे करून जोडले, तर वीतभर रुंदीचा चांगला लांब पट्टा निघाला. या वेळी फोन लावला. “ताई, हे कुठं लावू?”

“गळ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “पोरगी गोधडी गळ्यापर्यंत वढते.”

वरच्या कडेला पांढरा पट्टा, खाली मरून. सगळ्या थरांतून हातानं धावदोरा घातला, पट्ट्यावर जरा जवळजवळ, म्हणजे जुनं कापड ताण घेणार नाही.

न्यायला आल्यावर शीलाताईंनी गोधडी उलटी पसरली. पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. “चांगलं केलं,” म्हणाल्या. मग घडी घालता घालता, “ब्लाउजचं सांगीन प्रज्ञाले. साडी कशी रंगली ते नाही सांगत. ते तुमाले लय मानते. तुमचं नाव काहून खराब करू?”

माझे डोळे भरून आले. ते पुसले आणि पिशवी आणायला आत गेले.

गोधडी सेमाडोहला पोचल्यावर मीच प्रज्ञाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “काकू, तुमच्यापुढं आई रडली काय?”

“नाही.”

“मंग घरी जाऊन रडली असन,” ती म्हणाली. “पण ब्लाउज तुमालेच देऊन आली ना.”

शीलाताईंनी बार्शीटाकळीहून पाठवलेली तीन गिऱ्हाइकं आतापर्यंत माझ्याकडे आली. साडीची गोष्ट त्यातल्या एकीलाही माहीत नव्हती. त्या बाईंचे उपकार मी कुठल्या कामानं फेडू, मला कळत नाही. ऑर्डरच्या वहीत मात्र आता मापांच्या आधी एक ओळ असते: कापड कुठलं? कोणी दोन शब्दांत सांगतं, कोणी चहा गार होईपर्यंत सांगत बसतं. तोवर कात्री ड्रॉवरमध्ये असते.