स्विचला लागलेलं बाहेरचं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांवर मनातल्या मनात हसतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव प्रवरेत सोडले. त्यानंतर आमच्याकडे ना देव्हारा, ना देवऋषी, ना ताईत. मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट देतो, बस्स. त्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. त्यामुळे पुढचं लिहिताना मला भीती-बिती वाटत नाहीये… राग येतोय. तेव्हाही रागच आला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपूर आणि राहाता यांच्या मधल्या पट्ट्यातला एक सहकारी साखर कारखाना. नाव घेत नाही, त्यातली बरीच मंडळी अजून आहेत. मी तिथे कॉम्प्युटर विभागात टेम्पररी होतो. विभाग म्हणजे शेतकी ऑफिसच्या वरची एक खोली, मोजकी मशीन्स आणि एक एसी. त्या एसीच्या हवेसाठी अख्खं ऑफिस काही ना काही काम काढून वर यायचं.

माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — त्याच कारखान्यात गव्हाणीवर, म्हणजे ऊस जिथून मिलमध्ये जातो तिथे, आयुष्यभर राबले. त्या वर्षी ते रिटायर होणार होते. आम्ही राहायचो कारखान्याच्या कॉलनीत, त्यांच्या नावावरच्या खोलीत. दुसरं घर नव्हतंच. ते रिटायर झाले की खोली जाणार, आणि मी पर्मनंट झालो तरच ती राहणार. एमडी साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं — हंगाम सुरू व्हायच्या आत वजनकाटा, शेतकी आणि अकाउंट्स कॉम्प्युटरने एकमेकांना जोडून दाखवा, ऑर्डर काढतो. नाही जमलं तर दुसरा माणूस बघू.

जोडायला नेटवर्कचा स्विच लागतो, आणि इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मागणीत ‘स्विच’ लिहिलं म्हणून ती इलेक्ट्रिकलकडे गेली. तिकडून निरोप आला की स्विच स्टोअरला भरपूर आहेत, पाहिजे तर बोर्डासकट घेऊन जा!

ते निस्तरून पुण्याच्या दोन विक्रेत्यांकडून एकेक स्विच ट्रायलसाठी मागवला. दिसायला दोन्ही सारख्याच पत्र्याच्या पेट्या, पुढे वायर खोचायच्या पोर्टची रांग, प्रत्येक पोर्टला एक बारका दिवा. पहिला साधा. वायरी खोचा, चालू. आत काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही. दुसरा होता ‘मॅनेज्ड’. त्याला विचारलं की तो यादी दाखवायचा, कुठल्या पोर्टवर कुठलं मशीन लागलंय. तो महाग होता, पण मला तोच हवा होता. आपल्या भागात शेतकऱ्याचा कारखान्याच्या काट्यावर किती विश्वास असतो ते मी सांगायला नको. मध्येच कुणी स्वतःचं मशीन जोडून वजनात हात घातला, तर तो त्या यादीत दिसला असता.

खरेदी समितीचे अध्यक्ष नाना. स्वच्छ माणूस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, पण एकदा एखादा शब्द डोक्यात बसला की बसला. मी समितीसमोर दोन्ही पेट्या ठेवल्या आणि म्हणालो, “नाना, आपल्याला हा मॅनेज्ड स्विच लागेल.”

नानांनी चष्मा काढला. “मॅनेज? आन् काट्यावर?”

“नाना, मॅनेज म्हणजे तसलं नाही हो…”

“मग कसलं? मॅनेज एकच असतंय. अहो साळवे, आधीच लोक बोंबलत्यात, कारखाना काटा मारतोय म्हनून. सभेत कुनी उठून इचारलं, काट्यावर मॅनेज केलेला स्विच बसवलाय का, तर काय सांगू? न्हाई न्हाई. बिगर मॅनेजचा घ्या.”

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. ज्याने चोरी पकडता आली असती तो चोर ठरला आणि आंधळा साव! मी त्याला ‘देखरेखीचा स्विच’ म्हणून पाहिलं, पण उपयोग शून्य. तोवर कॅन्टीनपर्यंत ‘साळव्यांचा मॅनेज स्विच’ असं नाव झालं होतं. शेवटी एमडींनी मध्यस्थी केली — पुढच्या बैठकीत चालवून दाखवा, समिती बघेल आणि ठरवेल.

तयारीसाठी मी वरच्या खोलीत तो मॅनेज्ड स्विच लावला. त्याला फक्त दोन मशीन जोडली, दोन्ही त्याच टेबलावर. काट्याकडची लाइन अजून ओढलेलीही नव्हती. यादी काढली… तर तीन नावं. म्हणजे नावं नाहीत, नंबर. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला कंपनीतूनच एक नंबर असतो, जगात दुसऱ्या कुठल्या कार्डाला तो नसतो. दोन नंबर माझ्या मशीनचे. तिसरा कुणाचा?

पोर्ट पाहिला. रिकामा. वायरच नाही. आणि त्याच्यावरचा दिवा लुकलुकतोय!

ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो — पलीकडे जिवंत मशीन असल्याशिवाय तो दिवा लागत नाही. मी पोर्टात बोटाने चाचपून पाहिलं. स्विच बंद-चालू केला. थोड्या वेळाने तिसरा नंबर पुन्हा हजर. मला आधी आनंदच झाला, म्हटलं पीस खराब आहे, बदलून घेऊ. विक्रेत्याने आढेवेढे न घेता दुसरा सीलबंद पीस एसटीने पाठवला. माझ्या हाताने सील फोडलं, लावला. दुसऱ्याच कुठल्यातरी रिकाम्या पोर्टवर दिवा, आणि नंबर तोच. पुण्याला फोन केला तर त्यांचा इंजिनिअर म्हणतो, “सर, असं होऊच शकत नाही.” मी ओरडलोच, “अहो, मला तरी दुसरं काय म्हणायचंय!”

मग आमच्याकडच्या एकूण एक मशीनची झाकणं उघडून कार्डांवरचे नंबर पाहिले. कुठेच नाही. वैतागून स्क्रू-ड्रायव्हर ठेवायला टेबलाचा खण उघडला. आत एक काळवंडलेलं कार्ड पडलं होतं. त्याच्या स्टिकरवर तोच नंबर.

हे कार्ड काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचं. उन्हाळ्यातल्या वळवात काट्याच्या केबिनवर वीज पडली आणि मशीन जळालं. कार्ड तरी वाचेल म्हणून मी ते काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावून पाहिलं होतं, तर ते मशीनही सुरू होईना. म्हणजे पूर्ण मेलेलं. टाकायचं राहिलं म्हणून खणात होतं. आता ते माझ्या तळहातावर, कशालाही न जोडलेलं… आणि समोर स्क्रीनवर स्विच सांगतोय की ते लागलंय आणि बोलतंय.

मी काय करणार? कुणाला सांगणार? बैठक तोंडावर. कार्ड घरी नेऊन ठेवलं तरी फरक नाही. दादांनी विचारलं, “काय झालं रं, जेवत न्हाईस ते?” मी म्हणालो, मशीन त्रास देतंय. “मग दुरुस्त कर की,” म्हणाले. त्यांना वाटायचं मला सगळं दुरुस्त करता येतं.

बैठकीच्या दिवशी समिती माझ्याच खोलीत आली, एसी होता ना. यादी उघडायच्या आधी मी मनात म्हणत होतो, आजच्या दिवस तेवढा गप्प बस. नाही! तिसरा नंबर आला. आणि नेमकं नानांनीच स्क्रीनवर बोट ठेवलं.

“दोन मशीन हायेत न्हवं? मग हे तिसरं कोन?”

आता खोटं बोलावं तर दिवा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लुकलुकत होता. मला म्हणायचं होतं की हे आपल्या नेटवर्कमधलं मशीन नाही. घाईत तोंडातून गेलं ते असं — “नाना, ते आपल्यातलं नाही. बाहेरचं आहे.”

मी काय बोलून बसलो ते मला नानांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं.

“बाहेरचं?” नाना हळूच म्हणाले. “आन् हे तुमी आत्ता सांगताय?”

“नाना, तसलं बाहेरचं नाही! म्हणजे बाहेरचं मशीन… हे जळालेलं कार्ड…” मी खिशातून कार्ड काढून दाखवलं. त्याने तर आगीत तेल पडलं.

“काट्यावर वीज पडली त्याचं हाय हे? कोन गेलं होतं का तवा?”

“कुणीच नाही. ऑपरेटर चहाला गेला होता.”

हे खरं होतं. आणि माझा सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीवर आहे. माणूस गेला असता तर निदान भूत तरी म्हणता आलं असतं. गेलं ते कार्ड! कार्डाचं भूत असतं का कुठे?

नाना म्हणाले, “साळवे, तुमी मानत न्हाई, म्हाईत हाय मला. तुमी नका मानू. पन तुमीच म्हनलात बाहेरचं हाय, आता गप ऱ्हावा.” शिपायाला पिटाळून नारळ-लिंबू आणवलं. माझ्या डोळ्यांदेखत त्या पेटीवरून नारळ उतरवला. हळद-कुंकू लागलं. परत करायचा ट्रायलचा पीस, त्याला हळद-कुंकू! नारळ फोडायला लागले तेव्हा मी ओरडलो, “नाना, पाणी! आत पाणी जाईल!” तेव्हा कुठे उंबऱ्यावर जाऊन फोडला. सगळ्यांनी हात जोडले. मी कार्ड मुठीत धरून उभा होतो.

दिवा विझला.

मी यादी पुन्हा काढली. तिसरा नंबर अजून होता. सगळे खोबरं खात उभे. थोड्या वेळाने परत काढली, तर दोनच. कार्ड गप्प झालं की स्विच काही मिनिटांनी त्याचा नंबर पुसतो, हे मी सांगायला लागलो, पण ऐकतंय कोण.

“बघा,” नाना म्हणाले, “झालं मोकळं. घ्या हाच.”

“पण नाना, मॅनेज…”

“अहो, ह्याच्यात काय हाय ते दिसतंय तरी. त्या दुसऱ्यात काय बसलं असंल, कुनाला दिसनार हाय?”

मी गेले कित्येक आठवडे घसा कोरडा करून हेच सांगत होतो. अगदी हेच. ते नारळ फुटल्यावर समजलं!

हंगामाची पहिली मोळी पडली तेव्हा काटा, शेतकी, अकाउंट्स तिन्ही जोडलेले होते. तो तिसरा नंबर पुन्हा कधी दिसला नाही. मला पर्मनंटची ऑर्डर मिळाली, खोली राहिली. मी ते कार्ड पुण्यात जाणकारांना दाखवलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, हे मेलंय. दिवा विझला, नंबर पुसला गेला, याचं कारण मी तुम्हाला देऊ शकतो — कार्ड बोलायचं थांबलं. पण ते बोलत कसं होतं, आणि कशातून? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर कळवा. ‘पीस खराब असेल’ हे मात्र कृपा करून कळवू नका, माझं ऐकून झालंय.

दादांना मी सगळं सांगितलं. ते भडकले. “नारळाचं नाव माझ्या घरात काढू नगं. स्विच तुझ्या डोक्यानं आला.” कॉलनीत दारोदार पेढे वाटत तेच सांगत फिरले, की साहेब लोकांना माझ्या पोराचं शेवटी पटलं. त्याच दारांत लोक माझ्याकडे बघून हसायचे, कारण नारळाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दादा त्याच खोलीत वारले, आणि शेवटपर्यंत पाहुण्यांना हेच सांगत राहिले. मी दर वेळी शेजारी मान खाली घालून बसायचो. त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे खरं काय होतं?