आडनाव नसलेल्यांची रांग

शिखा बारगळ माझ्या वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्याने राहत होती. नवरा विक्रम प्लॉटची दलाली करायचा. ती तुकोगंजमधल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. तिचा हात कसा मोडला याबद्दल कॉलनीत भलतंच बोललं जातं. मी तिथे होते, म्हणून लिहिते.

सुरुवात दवाखान्यात झाली. सोमवार, ३ फेब्रुवारी. मी डोळ्यांचा दाब तपासायला गेले होते. माझ्या शेजारी देपालपुरच्या द्वारकाबाई सकाळी आठपासून बसलेल्या. मागून आलेले आत जाऊन आले, साडेबारा वाजले, तरी त्यांचं नाव नाही. अखेर त्यांचा मुलगा उठला. "मेरी माँ दिखती नहीं क्या तुमको?" म्हणत त्याने लोखंडी स्टूल उचललं आणि काउंटरच्या काचेवर घातलं. काचा शिखाच्या कपाळात घुसल्या. वॉचमन आणि दोन कंपाउंडर यांनी त्या मुलाला खाली पाडून लाथा घातल्या. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी थांबले नाहीत. म्हातारी मध्ये पडली, तर तिलाही भिंतीवर ढकललं. शिखा कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळत असताना ओरडत होती, "मारू नका त्याला! आपली लिस्टच गलत आहे!"

कपाळाला पाच टाके पडले. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा तिने समजावून सांगितलं. दवाखान्यातलं नंबर लावायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते कोण्या एका कंपनीचं नाही. जगभरचे लोक मिळून बनवतात, आणि कोणीही त्याचं पोट उघडून दुरुस्ती सुचवू शकतो. ते आडनावाप्रमाणे यादी लावतं. गावाकडच्या बायका नुसतं नाव सांगतात, आडनावाची जागा कोरी राहते, आणि कोऱ्या जागेवाल्या सगळ्या तळाशी जातात.

"मग कर ना दुरुस्त," मी म्हणाले. ती बीसीए झालेली होती. लग्नानंतर सहा वर्षांत त्यातलं काही केलं नव्हतं.

तिने दुसऱ्याच दिवशी ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना इंग्रजीत अर्ज लिहिला. आदरणीय सर, मला ही दुरुस्ती करण्याची परवानगी मिळावी. मसुदा मीच तपासला; तिला शाळेत नन्सनी शिकवलेला अर्ज होता तो, एकही चूक नव्हती. मग ती वाट पाहत बसली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्यांच्यापैकी पुण्याच्या समीर नावाच्या माणसाचं उत्तर आलं: शिखाजी, इथे परवानगी कोणी मागत नाही. करून पाठवा. चुकलं तर सांगू.

ती हसत सुटली. "काकू, मी तर माहेरी फोन लावायचा तरी विचारून लावते!"

पहिली दुरुस्ती २२ तारखेला पाठवली. त्यात तिने दवाखान्याचीच रीत घातली होती: बाईने आडनाव सांगितलं नाही, तर नवऱ्याचं नाव तिथे लावून टाकायचं. समीरने त्याच दिवशी लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: जे तिने सांगितलं नाही ते आपण तिला का चिकटवायचं? आडनाव सोडा, आलेल्या वेळेने नंबर लावा.

"सबके सामने, काकू! पूरी दुनिया वाचतेय," ती म्हणाली. दोन दिवस तिने लॅपटॉप उघडला नाही. मग पुन्हा बसली.

समीरच्या उत्तराचं ते पान विक्रमने तिच्या फोनवर पाहिलं. तिचं पूर्ण नाव, खाली परक्या पुरुषांची उत्तरं. वरून भांडी पडल्याचा आवाज आला म्हणून मी जिना चढले. त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि तो तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटत होता. "कौन है ये समीर? बोल!" पुढचा एक दात तुटून फरशीवर पडला होता.

"काकू, घरचा मामला आहे. तुम्ही खाली जा," तो मला म्हणाला. अगदी आदराने.

मी खाली गेले. लिहायला लाज वाटते, पण गेले.

रविवारी, २ मार्चला, सकाळी अकरा वाजता तिने दुसरी दुरुस्ती पाठवली. विक्रम अंघोळीहून आला आणि त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर ती पाहिली. ती दुरुस्ती मागे घ्यायचं एक बटण असतं. तिने ते दाबावं म्हणून त्याने तिचा उजवा हात पिरगळला. ती दाबेना. त्याने खलबत्त्याचा दस्ता उचलून मनगटावर घातला आणि तिचंच बोट धरून बटण दाबलं. मी तेव्हा दारात होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला निघाले होते, म्हणून माझ्या हातात भरलेली पितळी बादली होती. ती मी त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला तेवढ्यात शिखाला ओढत जिना उतरले आणि माझ्या दाराला आतून कडी घातली. तिने डाव्या काखेत लॅपटॉप आणला होता.

तो दारावर लाथा मारू लागला. शिव्या साऱ्या गल्लीने ऐकल्या. कोणी बाहेर आलं नाही. मी पोलिसांना फोन लावला. तिचं मनगट काळंनिळं पडून लोंबत होतं आणि ती डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होती.

"अगं, काय करतेस?"

"बंद केलेली दुरुस्ती परत उघडता येते, काकू. समीर विचारतोय, मागे का घेतली. एक ओळ बदलायला सांगतोय."

"आत्ता?"

"पोलीस किती वेळात येतील?"

"दहा मिनिटं म्हणाले."

"मग होईल."

दाराशेजारच्या खिडकीची काच फुटली. गजांतून हात घालून विक्रम कडी चाचपू लागला. मी त्या हातावर लाटणं मारलं, पुन्हा मारलं. त्याचं रक्त खिडकीच्या पडद्याला लागलं. शिखाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. वेदनेने ती मध्येच ओकली, तोंड पुसलं आणि पुन्हा अक्षर शोधू लागली.

"पाठवली," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "घेतली, काकू. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये घेतली."

त्याच वेळी कडी निखळली. विक्रम आत आला, त्याने मला बाजूला फेकलं. माझं डोकं कपाटावर आपटलं. तिच्या मांडीवरून लॅपटॉप हिसकावून त्याने फरशीवर आपटला आणि टाचेने तुडवायला लागला.

शिखा मोडका हात कुशीत धरून भिंतीला टेकली होती.

"तोड," ती म्हणाली. "ते आता इथे नाहीये."

त्याला कळलंच नाही. पोलीस आत आले तेव्हाही तो लॅपटॉपलाच लाथा घालत होता.