विलायतेच्या वाटेवर, अमरावतीपर्यंत

पोटदुखी घेऊनच मी पुण्याहून निघालो. औषधाने जाणारी नव्हे. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, ती पोटदुखी. अमरावतीचे देवराव म्हणून एक मोठे शेतकरी. त्यांचा मुलगा गणपत शिकायला विलायतेला निघाला होता आणि महिनाभर त्याची तयारी करून घ्यायला आमच्या शाळेतून मला बोलावलं होतं. इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, अर्थशास्त्र! तिथल्या विद्यालयाचं माहितीपत्रक मी तीन वर्षांपूर्वीच मागवलं होतं. कोणता विषय कोणत्या वर्षी, हे मला तोंडपाठ होतं. जायची ऐपत नव्हती, एवढंच. आणि तिकडे अमेरिकेत लढाई काय जुंपते, इकडे कापसाला सोन्याचा भाव काय येतो, आणि नांगर धरणाऱ्याचा पोरगा बोटीत काय बसतो!

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच होती. उतरलो तो जिकडे पाहावं तिकडे कापूस. स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग, गाड्यांवर कापूस, बैलांच्या शिंगांना कापूस. खाली काळीभोर जमीन. इतकं देखणं दृश्य, पण मला ते धड डोळे भरून पाहताही येईना. गणपत स्वतः दमणी (बसायची हलकी बैलगाडी) घेऊन आला होता. विशीतला, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा. माझं गाठोडं त्याने माझ्या हातातून काढूनच घेतलं.

"काहून (का) असे गप्प, गुरुजी? गाडी लागली का?"

"नाही. थकलो आहे."

मूर्तिजापूरच्या अलीकडे समोरून आलेल्या कापसाच्या गाडीला वाट देताना आमची दमणी कलंडली. मी उडालो तो थेट त्या गाडीतून सांडलेल्या कापसाच्या ढिगात पडलो. खरचटलंसुद्धा नाही. त्याचाही राग आला.

मुक्कामाला गणपतने गोवऱ्यांवर रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) लावले, वांग्याची झणझणीत भाजी केली. माझं सोवळं आडवं आलं. मी आपल्या वाळक्या दशम्या चावत बसलो आणि तो वास घेत राहिलो. जेवता जेवता त्याने विचारलं, "गुरुजी, तिथं इतिहास कोनाचा शिकवतात? आपला का त्यायचा?"

"बहुतेक त्यांचाच."

"मंग आपला कोन लिहीन?"

मला झोंबलं ते हे, की माहितीपत्रक तीन वर्षं उराशी धरूनही हा प्रश्न मला पडला नव्हता.

अमरावतीला देवरावांनी मोठ्या मानाने ओसरीवर बसवलं. जेवणाची सोय शेजारच्या ब्राह्मणाघरी केली होती. विषयांची यादी मी त्यांना मराठीत वाचून दाखवली. नीतिशास्त्राशी ते अडले. "नीती शिकाले समुद्रापार जा लागते? घरी काय कमी हाय?" म्हणून खो खो हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी विलायतेले जाऊन राहिले का?"

मी ऐकलं ते असं: तुम्ही स्वतः कधी विलायतेला जाऊन राहिलात का? म्हणजे राहिला नाहीत, तर माझ्या पोराला काय डोंबल शिकवणार! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"छे! आमच्यात समुद्र ओलांडत नाहीत. धर्म बुडतो. आणि मला तसली हौसही नाही."

खोटं. साफ खोटं.

"बरं," देवराव म्हणाले, "जबरदस्ती नाई. मंग दुसरा कोनी मास्तर सांगा."

म्हणजे मी पुरेसा नाही तर! घ्या मग, म्हटलं, आणि आमच्या शाळेतल्या सदाशिवाचं नाव सांगितलं. वर्गात डुलक्या काढणारा, तर्कशास्त्राचं पान न उलटलेला सदाशिव. होऊ दे गणपतचं शिक्षण! दुसऱ्याच दिवशी पुण्याला पत्र गेलं.

तो येईपर्यंत शिकवणं माझ्याकडेच होतं. पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी शेजारी जेवायला गेलो तर पान मांडलेलं नाही. घरातल्या काकू चुलीपाशीच होत्या.

"बसा मास्तर, मी भाकर करून राहिली."

पाहिलं, तर पीठ अजून परातीतच. "अहो, अजून व्हायचीच आहे की!"

"तेच तं सांगून राहिली ना मी!"

मी पाटावर बसलो आणि त्यांचे शब्द मनाशी पुन्हा जुळवले. करून राहिली म्हणजे करते आहे. मग जाऊन राहिले का, म्हणजे जाता आहात का! देवरावांनी टोमणा मारलाच नव्हता. पोराबरोबर विलायतेला चला, असं ते मला विचारत होते. मला!

तसाच उठून देवरावांना गाठलं. ते कापूस उतरवून घेत होते, गणपतही होता.

"देवराव, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी..."

"मनाले लावून घेऊ नका, मास्तर," त्यांनी मला थांबवलं. "मी पोराले रोज सांगतो, मानूस पाहा कसा. तिथं याच्यासंग राहून मास्तराले बी शिकता आलं असतं. घरबसल्या आलेली विलायत सोडली, पन धर्म नाई सोडला! तुमचा धर्म बुडवाचं पाप माह्या माथी नको. सदाशिवरावायचा होकार आला आजच."

आता खरं बोललो तर खोटारडा ठरणार होतो. आणि गणपत माझ्याकडे मोठ्या आदराने पाहत होता.

"हो," मी म्हटलं. "धर्म मोठा."

महिना संपला. गणपतने मला अकोल्याला गाडीत बसवून दिलं, निघताना त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, कारण वेगळं होतं. वाटेत पुन्हा तीच काळी जमीन, तोच पांढरा कापूस. वऱ्हाडी माणूस पुणेकराला खोचक वाटतो, पण त्याच्या बोलण्यात आडपडदा नसतो. वाकडं ऐकायची खोड माझी होती. इतकं शहाणपण घेऊन मी पुण्यात उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सदाशिव घरी आला. विलायतेसाठी शिवलेला नवा गरम कोट, हातात पत्रासोबत गेलेली विषयांची यादी. ती मीच गणपतसाठी मराठीत लिहिली होती.

"तर्कशास्त्र म्हणजे नेमकं काय रे?" त्याने विचारलं. मी तासभर समजावलं. तो दोनदा जांभई देऊन उठला.

"एवढ्या शाळेत तुला माझंच नाव आठवलं," तो म्हणाला. "सख्खा भाऊ करणार नाही असं केलंस तू माझ्यासाठी."

आणि नवा कोट चुरगळेल याची पर्वा न करता तो माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि यशस्वी हो, म्हटलं.