कुशीवर वळवण्याचा वर्ग

रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात मी तेच शिकवते. आणि पाठीवर लाल चट्टा उठला तो माझ्या सख्ख्या आईच्या, पहूरला, माझ्या भावाच्या घरात.

पक्षाघाताने आईची डावी बाजू गेली होती. बोलणं जड, पण शाबूत. भाऊ आणि वहिनी तिला वेळेवर जेवू घालत, औषधं देत आणि दिवसभर उताणी ठेवत. दर दोन तासांनी कूस बदला, असं मी जळगावहून रोज फोनवर सांगायचे. भाऊ रोज ‘हो’ म्हणायचा. (त्याचं ‘हो’ म्हणजे ‘ठेव आता फोन’.)

शेवटी एका रविवारी मी पहूरला जाऊन वर्गच भरवला. भाऊ, वहिनी आणि आपापले रिपोर्ट घेऊन आलेल्या शेजारणी. एकाच जागेवर दाब आला की तिथलं रक्त कसं अडतं, कातडी कशी मरते, हे मी जीव तोडून समजावलं. काही शंका आहे का, विचारलं. गॅसेसवर काय घ्यावं, अशी पहिली शंका आली.

मग प्रात्यक्षिक. आईवर नको, आधी धडधाकट माणसावर, म्हणून भावाला पलंगावर निजवलं. तू बेशुद्ध आहेस असं समज, अंग सैल सोड, म्हटलं. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं आणि खरोखरच घोरू लागला.

मी शिकवू लागले. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. आणि माणूस वळवताना आपण पिळवटून मागे बघायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी पिळवटून, मागे वहिनीकडे बघत बोलले. कमरेत अशी उसण भरली की मी भावावर आडवी. तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला.

डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. आईशेजारी दुसरी खाट पडली. पाण्याचा तांब्या माझ्या हातापासून बरोब्बर वीतभर लांब ठेवण्यात आला. हाक मारली की आतून ‘आले’ ऐकू यायचं, माणूस यायचं नाही. बघायला येणारे दारातूनच विचारत, ‘बरंय ना?’ आणि उत्तराआधी चहाला बसत. मी कमरेचं काही सांगायला गेले की वहिनी म्हणायची, तुम्हाला तर सगळं येतंच. जणू येत असलं की कमरेला दुखायचं नाही.

एका दुपारी आई म्हणाली, “दिसलं का तुले?”

“काय?”

“वर कोपऱ्यात जाळं हाय. मी कवाची सांगून राह्यली. कोनी काढत नाही.”

होतं. चांगलं सुपाएवढं. मी दर खेपेला खाटेशी उभी राहून तिची नाडी, पाठ, जीभ सगळं तपासलं होतं. वर काय आहे ते बघायला मला आडवं पडावं लागलं. आणि आता तेही काढता येईना. दोघी ते बघत पडून राहिलो.

मला संडासला न्यायचं तर भाऊ आणि वहिनी दोघं लागायची. पहिल्या दिवशी त्यांनी मला तुरीच्या पोत्यासारखी उचलली. मी खालून बोंबलत धडा सांगत होते, हात इथे, गुडघे वाकवा, ओढू नका. वर्गात एक शब्द न कळलेली ती दोघं माझ्या बोंबलण्याला घाबरून पटापट शिकली. आणि उठलोच आहोत तर म्हणून, जाता जाता आईलाही वळवू लागली. चट्टा मावळला. जाळंही भावाने एकदाचं काढलं.

मी पट्टा बांधून जळगावला निघाले, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या एक अक्का वाट अडवून उभ्या राहिल्या. त्यांचे सासरे अंथरुणाला खिळलेले आणि घरातलं कोणी हात लावायला तयार नाही. मी लगेच म्हटलं, येते की, सगळ्यांना एकदा व्यवस्थित शिकवून जाते.

अक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“शिकवू नको बाई,” त्या म्हणाल्या. “तू नुसती आमच्याकडे येऊन चार दिवस पड.”